गायीचं टेम्परेचर: ताप कुठला, ऊन कुठलं, आणि दुपारी तीनला गोठ्यात नेमकं काय करायचं

आमच्या सांगोल्याकडं (सोलापूर जिल्हा) दूधवाल्याच्या तोंडात 'डिग्री' हा शब्द दिवसातून दहादा येतो आणि दरवेळी त्याचा अर्थ वेगळा. सकाळी संकलन केंद्रावर दुधाचा दाटपणा मोजणाऱ्या लॅक्टोमीटरची डिग्री, दुपारी हवेची डिग्री, आणि डॉक्टर गोठ्यात आला की गायीची डिग्री. पहिली आपण तोंडपाठ ठेवतो कारण तिच्यावर पैसे मिळतात, दुसरी मोबाईल सांगतो, तिसरी मात्र जनावर आडवं पडेपर्यंत कुणी बघत नाही. मीही बघत नव्हतो.

आमची सोनी, एचएफ क्रॉस (होल्स्टिन फ्रिजियन या परदेशी जातीची संकरित गाय), दुसऱ्या वेताची, तेव्हा दिवसाला १८ लिटरवर होती. एप्रिलचा महिना, दुपारचे दोन, पत्र्याचा गोठा, आणि ही तोंड उघडं टाकून ल्हाल्हा करतीय, जीभ बाहेर, लाळेची तार जमिनीपर्यंत. मला वाटलं ताप. गावातल्याच एकाला बोलावलं, त्यानं थर्मामीटर लावला, १०६.४ निघाला, म्हणाला भरपूर ताप आहे, तापाचं इंजेक्शन टोचलं, पैसे घेतले आणि गेला. तासाभरानं १०६.८. मग घाबरून तालुक्याच्या डॉक्टरांना फोन लावला तर ते पहिलं वाक्य काय म्हणाले, "ते इंजेक्शन राहू दे, आधी पाणी मार आणि पंखा लाव, मी निघतोच." मोटर चालू केली, पाइप धरला, घरातला टेबल फॅन आणून लावला, पाऊण तासात १०३.२. डॉक्टर पोचले तेव्हा बया उभी राहून गव्हाणीत तोंड घालत होती.

त्या दिवसापासून मी हवेची डिग्री बघायची सोडली नाही पण तिच्यावर विश्वास ठेवायचा सोडला. ऊन किती आहे यापेक्षा ते गायीच्या अंगात किती शिरलंय हे बघायचं, आणि त्याला एक थर्मामीटर आणि हातातलं घड्याळ एवढंच लागतं. खाली सगळं क्रमानं लिहितोय, मोठं झालंय पण उन्हाळ्याआधी एकदा वाचून घ्या.

थर्मामीटर लावायचा कसा

माणसाचा डिजिटल थर्मामीटर चालतो, मेडिकलमध्ये दीड-दोनशेला मिळतो, फक्त त्याच्यावर मार्करनं मोठ्या अक्षरात 'गोठा' लिहून ठेवा, आमच्या घरात यावरून एकदा मोठं भांडण झालंय, जास्त सांगत नाही. पाऱ्याचा असेल तर आधी झटकून पारा खाली आणायचा, नाहीतर मागच्या गायीचा ताप पुढच्या गायीला दिसतो. मागच्या टोकाला सुतळी आणि कपडे वाळत घालायचा चिमटा बांधा, चिमटा शेपटीच्या केसाला लावला की हात मोकळा राहतो आणि गाईनं शेण टाकलं तरी थर्मामीटर खाली पडून फुटत नाही.

गाईच्या थेट मागं उभं राहू नका, बाजूला मांडीशी चिकटून उभं राहा, शेपटी हळू वर धरा, टोकाला थोडं तेल लावा आणि गुदद्वारात दोन-अडीच इंच आत घालून थोडं तिरकं करा म्हणजे टोक आतल्या कातडीला टेकेल. इथंच बहुतेकांचं चुकतं. टोक शेणाच्या गोळ्यात रुतलं की रीडिंग कमी येतं आणि आपण म्हणतो गाय नॉर्मल आहे. नुकतंच शेण टाकलं असेल तर पाच-दहा मिनिटं थांबा, आत हवा शिरलेली असते. डिजिटलचा बीप झाल्यावरही अर्धा मिनिट ठेवा, पाऱ्याचा असेल तर दोन-तीन मिनिटं. धुताना गार पाणी आणि साबण, गरम पाण्यानं पाऱ्याचा थर्मामीटर फुटतो. गाय उन्हातून चालत आली असेल तर सावलीत अर्धा तास उभी करून मगच लावा.

वेळ महत्त्वाची आहे. जनावराचं अंग पहाटे सगळ्यात थंड आणि दुपार उलटल्यावर, संध्याकाळच्या सुमाराला सगळ्यात गरम असतं, निरोगी गाईतसुद्धा एखाद्या डिग्रीचा फरक पडतो. म्हणून सकाळी सहाचं एक आणि दुपारी तीन-साडेतीनचं एक, अशी दोन रीडिंग एकाच गायीची घ्या, सलग तीन-चार दिवस. तो तुमच्या गायीचा पाया. पुढं कधीही शंका आली की त्याच्याशी ताडून बघायचं.

किती म्हणजे किती

मोठ्या गायीचं नॉर्मल साधारण १०१.५ फॅरनहाइट, खाली १००.५ आणि वर १०२.५ पर्यंत काळजी नाही. म्हशीचं त्याच्यापेक्षा थोडं कमी असतं. लहान वासराचं थोडं जास्त, १०२-१०२.५ दिसलं म्हणून लगेच धावाधाव करू नका. माजावर आलेली (भरवायच्या वेळेला आलेली) गाय थोडी वर दाखवते, व्यायच्या आधीच्या दिवसात उलट डिग्रीभर खाली येते, हे माहीत असेल तर रात्री जागायचं की झोपायचं हे ठरवता येतं.

दुपारी १०३ च्या वर गेली की तिला ऊन सोसत नाहीये, १०४ ला दूध आणि गाभ दोन्हीवर परिणाम सुरू झालेला असतो, १०६ म्हणजे सगळी कामं सोडा. आणि १०० च्या खाली गेली तर ते जास्त वाईट समजा. दुग्धज्वराचं नावच बघा, 'ज्वर' आहे पण त्यात गाय गार पडते, कान थंड, मान पोटाकडं वळवून बसलेली. नावाला फसून कितीतरी लोक तिथं तापाचं औषध शोधत बसतात आणि तिला हवं असतं कॅल्शियम, तेही डॉक्टरच्या हातून शिरेतून.

आता माझ्या वहीतला एक दिवस सांगतो. बाहेर ४१ डिग्री, दुपारचे साडेतीन. सोनी पंख्याशिवाय सावलीत: १०३.६, श्वास मिनिटाला ९२. कडुलिंबाखाली बांधलेला खिलार बैल: १०१.४, श्वास २८, निवांत रवंथ करतोय. पंढरपुरी म्हैस सावलीत: १०२.४, श्वास ६०, चार बादल्या पाणी अंगावर टाकल्यावर अर्ध्या तासात १०१.२. एकच अंगण, एकच वेळ, एकच हवा, आणि तीन जनावरांची तीन उत्तरं.

कारण सरळ आहे. एचएफ ही मुळात हॉलंडकडच्या गार हवेतली गाय, तिला २५ डिग्रीच्या वर गेलं की त्रास सुरू होतो, वर दूध जास्त म्हणजे खाणं जास्त आणि खाणं जास्त म्हणजे पोटातली भट्टी मोठी, चारा आंबताना जी उष्णता निघते ती बाहेर टाकायलाच तिला जागा नसते. खिलारचं कातडं सैल, केस आखूड, अंग पांढरं, घाम चांगला सुटतो आणि मुळात अंगात उष्णताच कमी तयार होते. म्हैस काळी, अंगावर केस विरळ, घामाच्या ग्रंथी गायीपेक्षा फार कमी, म्हणून ती पाणी शोधते, डुंबणं ही तिची हौस नाही, तिचा कूलर आहे. त्यामुळे शेजाऱ्याची गाय ठीक आहे म्हणून आपली ठीक असेल असं धरू नका, आणि १८ लिटरवाली गाय ६ लिटरवालीच्या आधी पेटते हे लक्षात ठेवा.

थर्मामीटर नसेल तर श्वास मोजा

खरं तर मी रोज थर्मामीटर लावतच नाही. रोज मोजतो श्वास. गाईच्या मागं-बाजूला पाच-सहा फुटांवर उभं राहायचं, तिला हात लावायचा नाही, भकाळी (बरगड्यांमागचा पोटाचा खळगा) आत-बाहेर होते ती बघायची, एकदा आत-बाहेर म्हणजे एक. अर्धा मिनिट मोजा आणि दुप्पट करा. सावलीत शांत असलेल्या गायीचे ३० ते ४५ च्या आसपास येतात. ६० च्या वर गेले की ताण सुरू. ८० च्या वर म्हणजे ताण चांगलाच चढलाय. १०० च्या पुढं तोंड उघडतं, लाळ सुटते, मान लांब करते. दहापैकी तीन-चार गायी ६० च्या वर दिसल्या तर गोठ्याचंच काहीतरी चुकतंय, एकेका गायीला औषध देत बसू नका.

एक गोष्ट फसवते. खूप धापत असलेली गाय अचानक सावकाश, खोल, पोटातून श्वास घ्यायला लागली की आपल्याला वाटतं बरं वाटतंय तिला. आधी थर्मामीटर लावा. टेम्परेचर खाली आलं नसेल तर ती बरी होत नाहीये, थकलीय.

श्वासाच्या आधीची लक्षणं पण आहेत. गायी बसायच्या बंद होतात, उभ्याच राहतात, कारण उभं राहिलं की अंगाला चारी बाजूनं हवा लागते. पाण्याच्या टाकीभोवती गर्दी करतात, आंबोण (पेंड-भरड्याचा खुराक) खातात पण वैरण तशीच ठेवतात, रवंथ कमी होते. दुधावरून कळायची वाट बघू नका, कारण आज लागलेलं ऊन दुधात उद्या-परवा दिसतं, तोपर्यंत आपण पेंड बदलली म्हणून दूध घटलं असं म्हणून दुकानदाराशी भांडून आलेलो असतो.

ताप की ऊन

दोन्हीत अंग गरम लागतं पण आतली गोष्ट वेगळी आहे. तापात रोगाशी लढायला शरीर स्वतःच मेंदूतला कंट्रोल वर नेतं. उन्हात कंट्रोल जागेवरच असतो, फक्त आतली उष्णता बाहेर पडत नाही. तापाचं औषध काय करतं, वर गेलेला कंट्रोल खाली आणतं. उन्हात तो वर गेलेलाच नाही तर औषध खाली काय आणणार? म्हणून सोनीला इंजेक्शनचा उपयोग झाला नाही. (आणि तापाच्या औषधात डायक्लोफिनॅक कुणी देत असेल तर घेऊ नका, ते टोचलेली जनावरं मेल्यावर खाऊन गिधाडं मेली म्हणून जनावरांसाठी ते २००६ पासून बंद आहे, तरी माणसांची बाटली आणून टोचणारे अजून आहेत.)

ओळखायचं कसं ते सांगतो. पहिलं, किती जनावरं? ऊन सगळ्या गोठ्याला लागतं, सगळ्या थोड्याफार धापत असतात. एकटीच गरम आणि बाकीच्या मजेत, तर रोगाचा संशय घ्या. दुसरं, पहाटेचं रीडिंग. ऊन लागलेली गाय रात्री निवते आणि सकाळी १०२ च्या आत येते, पहाटे सहाला १०४ असेल तर तो ताप आहे, वाद नाही. तिसरी पाण्याची परीक्षा, अंगावर पाणी आणि पंखा, अर्धा-पाऊण तास. उन्हाचं असेल तर दीड-दोन डिग्री खाली येतंच. तापाचं असेल तर थोडं हलतं आणि पाणी बंद केलं की परत वर.

मग बाकीचं अंग चाचपून बघा. खांद्यापुढची आणि मागच्या मांडीपुढची गाठ सुजलीय का, डोळ्याची आतली कड पांढरी पडलीय का, अंगावर गोचीड आहेत का, तर गोचीड ताप, संकरित गायींचा हा उन्हाळ्या-पावसाळ्यातला मोठा दुश्मन. लघवी लाल-कॉफीसारखी असेल तर तोही गोचिडातूनच येणारा दुसरा आजार. एका पायानं लंगडते, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या पायानं, तर तिवा (तीन दिवसांचा ताप). तोंडात आणि खुरात फोड म्हणजे लाळ्या खुरकूत, अंगावर गाठी म्हणजे लम्पी, २०२२ नंतर हे कुणाला सांगायला नको. एक सड कडक, गरम आणि दुधात गुठळ्या, तर कासेचा ताप. लसीकरणानंतर एखाद-दोन दिवस अंग गरम राहतं ते वेगळं, पण लस द्यायची तर सकाळी गारव्यात द्या आणि आधीच गरम असलेल्या गायीला देऊच नका.

दोन्ही एकदम असू शकतं हे पण विसरू नका. गोचीड ताप असलेली गाय भर उन्हात बांधली तर ती १०७ ला जाते. शंका असेल तर आधी पाणी मारा, त्यानं तापवाल्या गाईचंही नुकसान होत नाही, आणि डॉक्टर बोलवा.

१०६ च्या वर गेली तर, ह्याच क्रमानं

जिथं आहे तिथंच सावली करा. चालू शकत असेल तर हळू सावलीत न्या, बसली असेल तर ओढू नका, ताडपत्री धरा वर. लगेच पाणी: मान, पाठ, बरगड्या, पोट, पाय, सगळं भिजेल असं, केसातून कातडीपर्यंत पोचलं पाहिजे, नुसतं वरवर शिंपडून उपयोग नाही. पाण्याबरोबर वारा पाहिजेच. पंखा नसेल तर दोन माणसं पोती घेऊन हलवू द्या. अंगावर ओलं पोतं टाकून सोडून द्यायची आपल्याकडं पद्धत आहे, ती चुकीची, वारा नसेल तर दहा मिनिटांत त्या पोत्याखाली वाफ धरते आणि गाय आणखी तापते.

फोन ह्याच वेळी करा, पाणी मारून झाल्यावर नाही. आपला डॉक्टर मिळत नसेल तर १९६२, जनावरांच्या फिरत्या दवाखान्याचा टोल फ्री नंबर.

दर दहा मिनिटांनी टेम्परेचर. १०३ ला आलं की पाणी बंद, पंखा चालू ठेवा, कारण पाणी थांबवल्यावरही ते थोडं खाली उतरत राहतं. आडवी पडलेली असेल तर छातीवर बसती करा आणि दोन्ही बाजूला भरलेली पोती लावा, कुशीवर पडून राहिली तर पोट फुगतं.

प्यायला गार पाणी बादलीत समोर धरा, पिऊ द्या तिला हवं तेवढं. पण नळीनं किंवा बाटलीनं तोंड वर करून पाजू नका. धापणाऱ्या जनावराच्या घशात ताक ओता नाहीतर लिंबू-साखर पाणी ओता, ते पोटात न जाता फुप्फुसात जातं आणि उन्हातून वाचलेली गाय चार दिवसांनी न्यूमोनियानं जाते. हे मी शेजारच्या गोठ्यात डोळ्यानं बघितलंय, पाजणारा माणूस मायेनंच पाजत होता. तापल्या लोखंडानं डाग देणं तर सोडूनच द्या.

त्या दिवशी आंबोण बंद, नुसती वैरण आणि पाणी. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अर्धं अर्धं करत चालू करा.

गोठा: पैसे कुठं घालायचे आणि कुठं नाही

आधी फुकटातलं. सकाळी नऊनंतर पत्र्याखाली हात वर करून बघा, डोक्यावर तवा ठेवल्यासारखं वाटत असेल तर सावली आहे पण गारवा नाही. पत्र्यावर पाचट नाहीतर उसाचं वाढं अंथरा, नीट बांधा, आणि वायर लोंबकळत असेल तिथं अंथरू नका, आग लागते. ते जमत नसेल तर चुन्यात थोडा फेव्हिकॉल मिसळून पत्रा पांढरा करा, पाऊस येईपर्यंत टिकतो. नवीन गोठा बांधणार असाल तर लांबी पूर्व-पश्चिम ठेवा, उंची सोडा, आणि कृपा करून चारी बाजूंनी भिंती घालू नका, आम्ही चोरीच्या भीतीनं घातल्या होत्या आणि नंतर दोन बाजू फोडल्या. कडुलिंबाच्या झाडाइतकी चांगली सावली कुठलाच पत्रा देत नाही, पानातून हवा खेळते.

मग पंखे. पंखा छताकडं फिरत असेल तर माणसं गार होतात, गायी नाही. साडेसात-आठ फूट उंचीवर, थोडा खाली झुकवून, वारा पाठीवरून वाहिला पाहिजे. पाण्यासाठी मी नवीन काही घेतलं नाही, डाळिंबाच्या बागेतले जुने ठिबकचे पाइप पडले होते, त्यावर मायक्रो स्प्रिंकलर बसवले. तत्त्व एवढंच, एक-दोन मिनिटं पाणी, मग दहा-पंधरा मिनिटं नुसता पंखा, परत पाणी. गाय गार होते ती पाण्यानं नाही, पाणी सुकताना. सारखं पाणी मारत राहिलात तर जमीन चिखल होते, पाणी कासेवरून ओघळतं, गाय त्याच चिखलात बसते आणि उन्हातून वाचवलेलं दूध मस्टायटिसमध्ये (कासेच्या तापात) जातं. पाठीवरून पाणी ओघळून कासेपर्यंत यायच्या आत बंद करायचं.

फॉगरबद्दल माझं मत वेगळं आहे. दिसायला भारी, गोठ्यात धुकं धुकं, फोटो छान येतो. आमच्याकडच्या कोरड्या हवेत आणि मोकळ्या गोठ्यात ठीक, पण बंद गोठ्यात किंवा कोकणासारख्या दमट हवेत ते धुकं केसावर थेंब धरून बसतं, कातडी भिजत नाही, आणि हवा मात्र ओली होते. तेवढ्या पैशात दोन पंखे जास्त लावा.

लाईटचा भरवसा नाही म्हणून टाकी रात्रीच भरून ठेवा, दुपारी मोटर चालेलच असं नाही.

आणि रात्र. उन्हाळ्यातला सगळ्यात मोठा उपाय रात्रीचा आहे आणि तोच लोक करत नाहीत. दिवसभर साठलेली उष्णता गाय रात्री बाहेर टाकते, पण पत्रा आणि कोबा रात्री दहापर्यंत आपलीच उष्णता खाली सोडत असतात. म्हणून सूर्य मावळला की गायी बाहेर अंगणात, उघड्यावर. मुक्तसंचार गोठा असेल तर हा प्रश्नच येत नाही, गाय आपली जागा आपण शोधते. रात्री दहाला एकदा श्वास मोजा, तेव्हाही ६० च्या वर असतील तर गाय उद्याची दुपार कर्ज घेऊन सुरू करणार आहे, तिला परत भिजवा आणि पंखा लावा.

पाणी आणि वैरण

दूध देणाऱ्या मोठ्या गायीला उन्हाळ्यात दिवसाला ८०-१०० लिटर पाणी सहज लागतं, जास्त दूध असेल तर त्याच्याही पुढं. दिवसातून दोनदा बादली दाखवून हे होत नाही, पाणी समोर चोवीस तास पाहिजे. धार काढल्या काढल्या गाय सगळ्यात जास्त पिते, तेव्हा टाकी रिकामी असेल तर उपयोग नाही. अजून एक बारीक गोष्ट: काळा पाइप उन्हात पडलेला असतो, त्यातलं पहिलं पाणी चहासारखं गरम येतं, ते आधी बाजूला झाडाला सोडा. टाकी सावलीत घ्या, आतून चुना मारा, आठवड्याला घासा. तुम्ही ते पाणी ओंजळीनं प्याल का, एवढंच बघा.

खाल्ल्यानंतर तीन-चार तासांनी पोटातली भट्टी सगळ्यात जोरात असते. सकाळी दहाला पाटीभर वैरण टाकली तर ती नेमकी दुपारी दोनला पेटते, बाहेरून ऊन आणि आतून भट्टी. म्हणून दोन तृतीयांश वैरण पहाटे पाचला आणि रात्री आठ-नऊनंतर, दुपारी थोडीशी हिरवी. मुरघास (हवाबंद मुरवलेला हिरवा चारा) गव्हाणीत उन्हानं लगेच तापतो आणि आंबट मारतो, थोडा थोडा टाका.

खाणं कमी झालं की आपण काय करतो, वैरण खात नाही तर निदान पेंड खाऊ दे म्हणून आंबोण वाढवतो. हीच चूक. धापताना लाळ बाहेर गळून जाते, आणि लाळेतच तो सोडा असतो जो पोटातला आंबटपणा मारतो. लाळ कमी, रवंथ कमी, वरून पेंड जास्त, झालं, पोट आंबट. शेण पातळ होतं, फॅट ३.५ च्या खाली येतो, केंद्रावर दर कापतात आणि घरी आल्यावर गाईला शिव्या. कुट्टी फार बारीक करू नका, कडबा पूर्ण बंद करू नका, आणि दुधाच्या गायीला खायचा सोडा दिवसाला १०० ग्रॅमपर्यंत दोन वेळच्या आंबोणातून द्या. मीठ ३०-५० ग्रॅम, मिनरल मिक्श्चर ५० ते १०० ग्रॅम. गाईच्या घामातून पोटॅशियम जास्त जातं, नुसत्या मिठानं ते भरत नाही, म्हणून कडक आठवड्यात इलेक्ट्रोलाइट पावडर पाण्यातून. पण व्यायला आलेल्या गायीला सोडा आणि जास्तीचं मीठ देऊ नका, दुग्धज्वराला आणि कासेच्या सुजेला आमंत्रण आहे ते. वाढ्यावर जगणाऱ्या गायींना मिनरल मिक्श्चर चुकवू नका, वाढ्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम धरून बसतं.

एवढं करूनही दूध थोडं घटणारच. घट फक्त कमी खाण्यामुळं नसते, साधारण निम्मीच तशी असते, बाकीची शरीर स्वतःला वाचवायला करतं. त्यामुळे मे महिन्यात जानेवारीचं दूध मागू नका.

पाऊस आला म्हणून पंखा काढू नका

हे मला फार उशिरा कळलं. जूनमध्ये ढग आले, पारा खाली आला, आपण म्हणतो सुटलो. एक हिशोब करा. हवेचं टेम्परेचर फॅरनहाइटमध्ये घ्या. त्यातून ५८ वजा करा. आर्द्रतेचा टक्का ०.००५५ नं गुणून ०.५५ मधून वजा करा. हे दोन आकडे गुणा आणि येईल ते मूळ फॅरनहाइटमधून वजा करा. हा झाला टीएचआय, म्हणजे उष्णता आणि आर्द्रता मिळून काढलेला आकडा, ७२ च्या वर गाईला ताण, जास्त दुधाच्या गाईला ६८ पासूनच.

एप्रिलची दुपार ४१ डिग्री, म्हणजे १०५.८ फॅरनहाइट, आर्द्रता १८ टक्के: उत्तर ८४. जूनचा दमट दिवस ३३ डिग्री, म्हणजे ९१.४, आर्द्रता ७० टक्के: उत्तर ८६. पारा आठ डिग्रीनं उतरला आणि गाईचा त्रास वाढला! हवाच ओली असल्यावर अंगावरचं पाणी सुकणार कुठं. तेव्हा जूनमध्ये पाणी कमी करा, पंखे जास्त चालवा, उन्हाळ्यात बांधलेली गोणपाटं आणि शेडनेटचे पडदे सोडून हवा मोकळी करा. ऑक्टोबर हीटमध्येही असंच.

भाकड आणि भरवायच्या गायी

पंख्याखाली दुधाच्या गायी आणि उन्हात भाकड, सगळीकडं हेच दिसतं, कारण भाकड गाय आज पैसे देत नाही. पण व्यायच्या आधीचे शेवटचे दोन महिने ऊन सोसलेली गाय पुढच्या वेतात दूध कमी देते आणि वासरूही हलकं होतं. तिला निदान सगळ्यात दाट सावली द्या. वासरांना दुधाशिवाय वेगळं गार पाणी ठेवा, दूध पाजलं म्हणजे तहान भागली असं नसतं.

उन्हाळ्यात माज दुपारी दिसतच नाही, म्हशीत तर मुका (बाहेरून न दिसणारा) माज असतो, म्हणून पहाटे आणि रात्री दहाच्या फेरीला बघायचं. भरवायचं (रेतन करायचं) तेही गारव्यात, आणि भरवल्यावर गाय लगेच उन्हात बांधायची नाही, पहिले सात-आठ दिवस गर्भ उन्हाला फार नाजूक असतो. सोनी त्या उन्हाळ्यात तीनदा भरवली, तिन्ही वेळा उलटली (गाभण न राहता परत माजावर आली), औषधावर औषध झालं. सप्टेंबरच्या शेवटी एका पावसाळी पहाटे चौथ्यांदा भरवली, त्या दिवशी सकाळी वहीत १०१.४ लिहिलेलं आहे, आणि ती गाभण राहिली.